काठी, वॉकर, व्हीलचेअर: ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी मदत कुठे मागायची?

साधनांसाठी अर्ज करण्याआधी एवढं ठरवा, की तो वयावर करायचा की दिव्यांगत्वावर. दोन्हींचे कागद वेगळे. सत्तरी ओलांडलेल्या आजींना फक्त कमोड खुर्ची हवी असते आणि घरचे दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागतात. ती वयावरच मिळू शकते.

वयावर मागायचं तर महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस म्हणजे गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा कॉलर अशा गोष्टींसाठी ही रक्कम आहे. आधार कार्ड, पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र जोडायचं. तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेलं नसावं. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात.

खरी अडचण येते ती खात्याची. थेट लाभाचे पैसे आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात कुठलंही पासबुक लावलं तरी. पेन्शनचं खातं एक आणि आधार जोडलेलं भलतंच, असं झालं की ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणत म्हातारी माणसं खेटे घालत बसतात. बँकेत जाऊन आधी हे विचारून घ्या. पैसे आल्यावर ३० दिवसांत खरेदीचं बिल द्यावं लागतं, नाहीतर रक्कम वसूल होऊ शकते. बिल पक्कं आणि लाभार्थ्याच्या नावाचं घ्या.

दिव्यांगत्वावर मागायचं तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं. केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. ही साधनं बहुतेकदा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात आणि शिबिरांतून वाटली जातात. शिबिरात आधी मोजमाप होतं, साधन नंतर येतं. व्हीलचेअर मागताना घरातल्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी टेपने मोजून न्या. तो सहसा न्हाणीघराचा दरवाजा असतो, आणि चाकं नेमकी तिथेच अडतात.

ट्रस्टकडे जायचं असेल तर रीत थोडी निराळी. कृत्रिम पायासाठी जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून काम करते आणि पाय मोफत बसवून देते. इतर ट्रस्ट साधारणपणे विनंती अर्ज, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानदाराचं कोटेशन मागतात. चेक बहुधा दुकानदाराच्याच नावाने निघतो, म्हणून आधी खरेदी करून नंतर पैसे मागितले तर अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. पत्र लांबवू नका. माणसाला काय जमत नाही, कुठली वस्तू मिळाली की काय जमेल, किंमत किती, त्यातले घरचे किती घालू शकतात, एवढं एका पानात मावतं. घरचा वाटा थोडा का होईना, पण आकड्यात लिहा. अर्जाला वजन येतं.

एक दार मात्र बरेच जण विसरतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तिथे यूडीआयडी कार्डाची प्रत जोडून साधा अर्ज द्या. मार्च जवळ येण्याआधी द्या आणि पोच म्हणून आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.