दक्षिण आफ्रिकेत डोंगरातली शिकार: आउटफिटर ठरवण्याआधी कोणते कागद पाहावेत

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे ही माहिती मुख्यतः परदेशात स्थायिक झालेल्या, तिथला शस्त्रपरवाना बाळगणाऱ्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत तंबू-शिधा पाठीवर घेऊन चार-सहा दिवस शिकारीला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच जणांचे कागद मी पाहून दिले आहेत. अडकलेल्या प्रकरणांत निम्म्याहून अधिक वेळा दोष आउटफिटरच्या, म्हणजे शिकारीची सहल आखून देणाऱ्या व्यावसायिकाच्या, कागदांत निघाला आणि भुर्दंड मात्र आगाऊ रक्कम भरून बसलेल्या शिकाऱ्याला पडला. म्हणून छायाचित्रे आणि दरपत्रक पाहण्याच्या आधी कागद मागावेत, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

पात्रतेचा मूळ नियम सरळ आहे. दक्षिण आफ्रिकेत परदेशी व्यक्तीला स्वतःहून शिकार करता येत नाही. शिकार परवानाधारक आउटफिटरमार्फत ठरवावी लागते आणि प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी परवानाधारक प्रोफेशनल हंटर, ज्याला तिथे सगळे पीएच म्हणतात, सोबत असावाच लागतो. दोन्ही परवाने एकाच माणसाकडे असू शकतात, पण ते वेगळे आहेत आणि दोन्हींची प्रत वेगवेगळी मागून घ्यावी. हे परवाने केंद्र सरकार देत नाही, प्रांतांची निसर्गसंवर्धन खाती देतात. देशात नऊ प्रांत आहेत आणि लिम्पोपोमध्ये वैध असलेला परवाना ईस्टर्न केपमध्ये आपोआप चालत नाही. त्यामुळे परवान्याच्या प्रतीवर तीन गोष्टी पाहाव्यात: नाव, मुदत संपण्याची तारीख आणि प्रांत. मुदत आपल्या सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत असली पाहिजे. नोंदणीच्या दिवशी परवाना चालू होता, एवढे पुरेसे नाही. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व ही चांगली खूण आहे, मात्र ते परवान्याच्या जागी चालत नाही.

पाठीवर सामान घेऊन केलेल्या शिकारीत खरी अडचण पुढे येते आणि बहुतेक आउटफिटर तिच्याविषयी आपणहून बोलत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील बरीचशी शिकार उंच कुंपणाच्या खासगी जमिनीवर, रोज संध्याकाळी लॉजवर परतून होते. अशा जमिनीच्या मालकाकडे ‘पुरेशा कुंपणाचा दाखला’ आणि त्यावर आधारित सवलतीचा परवाना असला, तर त्या परवान्यात नोंदलेल्या प्राण्यांची शिकार प्रांताच्या हंगामाबाहेरही करता येते. आउटफिटरच्या ‘वर्षभर शिकार’ या शब्दांमागे हाच दाखला असतो. पण वाल रीबॉक किंवा माउंटन रीडबक या डोंगराळ भागातल्या हरणांसाठी ड्रॅकन्सबर्ग पर्वतरांगेच्या पायथ्याशी किंवा ईस्टर्न केपच्या डोंगरांत जायचे म्हटले, तर तिथे बहुधा मेंढ्यांची आणि गुरांची शेते असतात, आणि त्यांचे कुंपण कमरेइतके असते. तिथे हा दाखला नसतो, म्हणून सवलतही नसते. मग प्रांताने जाहीर केलेला हंगाम, त्या प्राण्यासाठी लागणारा परवाना आणि जमीनमालकाची लेखी परवानगी या तिन्ही गोष्टी लागतात.

यांपैकी लेखी परवानगी हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. ‘शेतकरी ओळखीचे आहेत, आमचे बोलणे झाले आहे,’ असे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच आगाऊ रक्कम थांबवायला सांगतो. तीन दिवस डोंगरधारेने चालताना माणूस सहज दोन-तीन मालकांच्या हद्दी ओलांडतो. एका प्रकरणात आउटफिटरने पाठवलेल्या नकाशावर मुक्कामाच्या जागा तांबड्या पेन्सिलीने गोल करून दाखवल्या होत्या. शेतांच्या हद्दीच्या रेषा त्यावर ठेवून पाहिल्या, तेव्हा दुसऱ्या रात्रीचा तंबू परवानगी नसलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीत येत होता. म्हणून मार्गाचा नकाशा आणि त्यावरच्या प्रत्येक मालकाचे सहीचे पत्र एकत्रच मागावे. मार्ग लेसोथो या शेजारी देशाच्या सीमेजवळून जात असेल, तर अधिक सावध राहावे. शस्त्राचा तात्पुरता परवाना दक्षिण आफ्रिकेपुरताच असतो, आणि जखमी जनावराच्या मागे रायफल घेऊन सीमा ओलांडणे हा गुन्हा आहे. ड्रॅकन्सबर्गच्या जागतिक वारसा क्षेत्रात शिकारीचा प्रश्नच येत नाही, हेही आउटफिटरने तुम्हांला न विचारता सांगायला हवे.

स्वतःची रायफल न्यायची असेल, तर ‘एसएपीएस ५२०’ हा पोलिसांचा अर्ज भरावा लागतो. हा अर्ज शस्त्र तात्पुरते देशात आणण्याचा आहे, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला तो करता येत नाही. अर्ज काळ्या शाईनेच भरावा आणि त्यावर सही आधी करू नये. ती विमानतळावर पोलीस अधिकाऱ्यासमोर करायची असते. घरी नीटनेटका भरून, निळ्या शाईने सही करून आणलेला अर्ज परत गेलेला मी पाहिला आहे, आणि तो भरणारा गृहस्थ अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा होता. सोबत पासपोर्टची आणि परतीच्या तिकिटाची प्रत, शस्त्र आपल्याच मालकीचे असल्याचा पुरावा, शिकारीचा हेतू सांगणारे स्वतःचे पत्र आणि आउटफिटरचे आमंत्रणपत्र लागते. आमंत्रणपत्रात तारखा, ठिकाण आणि प्राणी लिहिलेले असावेत आणि ते सगळे तिकिटाशी व परवान्यांशी जुळले पाहिजेत. शस्त्राचा अनुक्रमांक अर्जात लिहिताना रायफल समोर ठेवावी. नळीवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक वेगवेगळा असू शकतो, अर्जात दोन्हींसाठी जागा असते, आणि अधिकारी भिंगाने पाहिल्यासारखे एकेक अक्षर ताडून पाहतो. जुन्या रायफलीवर शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते, तिथे खास लक्ष द्यावे.

काडतुसांबाबतची एक चूक पुन्हापुन्हा होते. परवाना एका शस्त्रामागे २०० काडतुसांपर्यंत मिळतो, म्हणून लोक तेवढी बांधतात. पण विमानकंपन्या साधारणतः प्रत्येक प्रवाशाला ५ किलोच दारूगोळा नेऊ देतात, आणि .३०-०६ या रायफल-कॅलिबरचे एक काडतूस सुमारे २५ ग्रॅम भरते. डब्यांचे वजन धरले की २०० चा आकडा ५ किलोच्या पुढे जातो. डोंगरातल्या शिकारीला साठ काडतुसे पुष्कळ होतात. मधल्या विमानतळावर थांबा असेल, तर त्या देशाचा शस्त्र-वाहतूक परवाना वेगळा लागू शकतो. हे तिकीट काढण्याआधी विमानकंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. इतके सगळे जड वाटत असेल, तर आउटफिटरची रायफल त्याच्या थेट देखरेखीखाली वापरता येते. शस्त्रपरवाना नसलेल्या किंवा पहिल्यांदाच जाणाऱ्या व्यक्तीला मी हाच मार्ग सुचवतो.

व्हिसा आणि विमा यांचे नियम ठराविक आहेत, त्यात अडचण क्वचित येते. पीतज्वराच्या दाखल्याकडे मात्र दुर्लक्ष होते: केनिया किंवा इथिओपियामार्गे जाताना तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा अधिक थांबल्यास तो दाखला लागतो, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच तो वैध ठरतो.

प्राण्यांविषयीची परवानगी हा वेगळा भाग आहे. २००७ मध्ये काढलेल्या धोक्यातील व संरक्षित प्रजातींच्या नियमांत ओरिबीसारखे छोटे हरीणही येते, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. यादी बदलत असल्यामुळे आपल्या करारातल्या प्रत्येक प्राण्यासाठी कोणता परवाना लागेल, हे आउटफिटरकडून लेखी घ्यावे. साइट्सच्या, म्हणजे धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत असलेल्या प्राण्याची कातडी किंवा शिंगे देशाबाहेर न्यायची असतील, तर निर्यात परवाना लागतो आणि तो मिळायला महिने जाऊ शकतात. भारतात काही आणायचा विचार आधीच बाजूला ठेवावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतील प्राणी आपल्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले आहेत.

करार लेखी हवा. त्यात रोजचा दर, प्राण्याची किंमत, १५ टक्के व्हॅट धरला आहे की नाही, हवामानामुळे दिवस वाया गेले तर काय, आणि रद्द केल्यास किती रक्कम परत, हे सगळे असले पाहिजे. जखमी होऊन हाती न लागलेल्या जनावराची पूर्ण किंमत द्यावी लागते, ही तिथली सर्वमान्य पद्धत आहे. उंच डोंगरावर, वाऱ्यात, लांबून नेम धरताना हा प्रसंग येतोच, म्हणून तो मुद्दा वाचूनच सही करावी.

शिकार संपल्यावर पीएच एक नोंदवही भरतो. तिच्यात मारलेल्या आणि जखमी झालेल्या प्राण्यांची नावे, तारखा आणि ठिकाणे असतात, आणि शिकाऱ्याची सही लागते. डोंगरावरून थकून उतरल्यावर, गाडी तयार असताना, कोरी नोंदवही पुढे करून ‘बाकीचे मी भरतो’ असे कोणी म्हटले, तर थांबावे. निर्यातीचे कागद पुढे याच नोंदींवरून तयार होतात, त्यामुळे प्रत्येक रकाना भरलेला वाचून मगच सही करावी आणि नोंदीची एक प्रत आपल्या पासपोर्टजवळ ठेवावी.