दोरीवरची बाहुली आणि स्टॉप-मोशनची बाहुली: फरक पायांत बघा

ब्रिटनची ‘थंडरबर्ड्स’ (१९६५) आणि चेकोस्लोव्हाकियाची ‘पॅट अँड मॅट’ (१९७६ पासून) या दोन्ही मालिकांना सरसकट ‘पपेट ॲनिमेशन’ म्हटलं जातं. पण ‘थंडरबर्ड्स’च्या बाहुल्यांत ॲनिमेशन नाहीच. कॅमेरा चालू असताना सेटच्या वर बांधलेल्या पुलावर उभी राहिलेली माणसं बाहुल्यांच्या तारा हलवायची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्याच जातीचं हे काम. ‘पॅट अँड मॅट’मध्ये मात्र बाहुली हलते ती कॅमेरा थांबलेला असताना. हात जरासा सरकवायचा, बाजूला व्हायचं, फ्रेम (एक स्थिर चित्र) घ्यायची, पुन्हा सरकवायचा. हेच स्टॉप-मोशन. सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक स्थिती दोन फ्रेम धरली, तरी आठ मिनिटांना ६,००० स्थिती लागतात.

ओळखायचं असेल तर चेहरा सोडा, पाय बघा. तारेवरच्या बाहुलीचं वजन तारेवर असतं, जमिनीवर नाही. त्यामुळे ती चालताना तरंगते, पाय नुसते लोंबतात. ‘थंडरबर्ड्स’ करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून पात्रं कमरेपासून वर दिसतात, नाहीतर खुर्चीत बसलेली असतात, आणि वैमानिक घसरगुंडीवरून किंवा सरकत्या आसनावरून थेट यानात पोचतात. बटण दाबणारा हात जवळून दाखवायचा झाला, की चक्क माणसाचा हात! स्टॉप-मोशनच्या बाहुलीचा तळवा सेटला स्क्रूने किंवा पिनेने जखडतात, म्हणून ती एका पायावरही तोल सांभाळते. तिचं दुखणं वेगळं. आत तारेचा सांगाडा असेल तर तीच तार वारंवार वाकून गुडघ्यात किंवा कोपरात तुटते. कपड्याला बोट लागलं तर पडद्यावर कापड उगाच वळवळतं. दिव्याचा व्होल्टेज किंचित हलला तरी चित्र लुकलुकतं.

बोलण्याची गंमत ‘थंडरबर्ड्स’मध्ये आहे. संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे. त्यांचा विद्युत-संकेत तारांमधूनच डोक्यातल्या सोलेनॉइडला (वीज मिळाली की ओढ घेणाऱ्या चुंबकी गुंडाळीला) जायचा आणि खालचा ओठ हलायचा. ही यंत्रणा मावावी म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी. याच मंडळींच्या १९६७ च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’ मालिकेत ती छातीत नेली आणि डोकी प्रमाणात आली, पण चालणं होतं तिथेच राहिलं. पॅट आणि मॅट बोलतच नाहीत. त्यामुळे ओठांचा प्रश्न मिटला, डबिंगचाही, आणि मालिका कुठेही जशीच्या तशी दाखवता येते.

पाणी आणि आग हा दुसरा पुरावा. स्टॉप-मोशनमध्ये वाहतं पाणी फ्रेमगणिक थांबवता येत नाही, म्हणून सेलोफेन, ग्लिसरीन, जेल वापरतात, धुरासाठी कापूस. ‘थंडरबर्ड्स’मध्ये स्फोट खरे आहेत, फक्त ते जास्त वेगाने, सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत चित्रित केलेले. नेहमीच्या वेगाने दाखवले की लहानशी ज्वाळा संथ आणि अवजड वाटते.

तरीही शंका राहिलीच, तर झटकन फिरणाऱ्या हातावर चित्र थांबवा. धूसर रेघ उमटली तर बाहुली कॅमेऱ्यासमोर हलली आहे. जुन्या स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक फ्रेम काठोकाठ स्वच्छ असते.