आकडा मोठा म्हणजे दुर्बीण भारी?

मायणीच्या तलावावर थंडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला गेलं की कुणीतरी हमखास सांगतं, "घ्यायचीच तर वीस पटीची घ्या, आठ पटीत काय दिसणार?" हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि त्यापायी कित्येक नवख्यांचे पैसे वाया जातात. म्हणून हा खुलासा.

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. आठ म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो ते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पट वाढली की पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितकीच मोठी होते. वीस पटीची साधी दुर्बीण तिकाटण्याशिवाय (ट्रायपॉडशिवाय) स्थिर राहतच नाही. शिवाय दिसणारा परिसर आक्रसतो. सागरेश्वर अभयारण्याच्या झाडीत चिमुकला वटवट्या या फांदीवरून त्या फांदीवर उडतो. तुम्ही त्याला शोधेपर्यंत तो गेलेला असतो.

उजेडाचं तर विसरूच नका. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात उजळ गोल टिकली दिसेल. डोळ्यात उजेड येतो तो या टिकलीतूनच. ४२ ला आठाने भागलं की तिचा व्यास येतो, सव्वापाच मिलिमीटर. २०×५० मध्ये ती अडीचच भरते. भर दुपारी फरक जाणवत नाही, पण पक्षी बघायची खरी वेळ पहाटेची, आणि तेव्हा लहान टिकलीतलं चित्र काळवंडतं.

माझं मत विचाराल तर पहिली दुर्बीण ८×४२ च घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात बघा.