टॅटूची जखम आणि निगा

टॅटू काढल्यावर त्वचेला झालेली जखम भरून येण्याची क्रिया आणि त्या काळात घ्यायची काळजी. आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावनाचे गोंदण असो की वांद्र्याच्या स्टुडिओत मशीनने काढलेला टॅटू, शरीराच्या लेखी दोन्ही जखमाच. सुई साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाऊन त्वचेच्या आतल्या थरात शाई सोडते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. पेशी मेली की सुटलेले कण नवी पेशी उचलते, हे २०१८ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसले. नक्षी वर्षानुवर्षे टिकते ती अशी.

पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, गरम आणि सुजलेली राहते. शाई मिसळलेला पाणचट स्राव झिरपतो. सकाळी चादर टॅटूला चिकटलेली आढळली तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवली की ती आपसूक सुटते. दिवसातून दोनदा, आधी हात स्वच्छ धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने जागा धुवावी, टिपून कोरडी करावी आणि मलमाचा अगदी पातळ हात द्यावा. जखमेवर हळद दाबायची घरची सवय इथे आवरावी.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते आणि रंगीत पापुद्रे निघू लागतात. खरी परीक्षा हीच. नखाने खपली काढली तर तिच्यासोबत शाईही जाते आणि तिथे फिका डाग उरतो. पापुद्रे गळल्यावर काही दिवस टॅटू धुरकट दिसतो. त्याने घाबरू नये. वरची त्वचा दोन ते तीन आठवड्यांत भरते, आतल्या थराला मात्र काही महिने लागतात.

मुंबईत अडचण कोरडेपणाची कमी, ओलीची जास्त. दमट हवेत मलमाचा जाड थर दिला तर घाम खाली कोंडतो, खपल्या लिबलिबीत होतात आणि पुटकुळ्या उठतात. लोकलच्या गर्दीत हँडल धरलेला उघडा हात कुणाच्या तरी बॅगेला घासतोच, म्हणून वर सैल सुती बाही हवी. जखम पूर्ण भरेपर्यंत जुहूच्या समुद्रात किंवा तरणतलावात उतरू नये आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून ती जपावी. त्या पाण्यातले जंतू उघड्या त्वचेतून थेट आत शिरतात. ऊन लागू देऊ नये. सनस्क्रीन मात्र त्वचा भरल्यावरच लावावे.

लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर टॅटू काढणाऱ्याला फोटो पाठवत बसू नये; त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. लाल शाईची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा अधिक आढळते, आणि ती काही महिन्यांनीही उठू शकते. ज्यांच्या जखमांचे वण फुगतात, त्यांनी छाती-खांद्यावर टॅटू काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. अस्वच्छ सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे भारतात टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.