टर्बो सी लॅबमध्ये इतकं का टिकलं?

जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळच्या कॉलेजांत प्रोग्रॅमिंग शिकलेल्या कितीतरी जणांना टर्बो सीचा (सी भाषेत प्रोग्रॅम लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरचा) निळा पडदा पाठ आहे. बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ मध्ये आणलं, टर्बो सी++ १९९० मध्ये. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ मध्ये. म्हणजे मुलं शिकत होती ती प्रमाणाच्या आधीची भाषा.

त्याचं खापर शिक्षकांच्या आळसावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. टर्बो सी हा एक फोल्डर होता. सी ड्राइव्हवर टाकला की चालू. भारनियमन रोजचं आणि नेट सायबर कॅफेत तासावर मिळणारं, अशा काळात एका पेनड्राइव्हवर अख्खी लॅब तयार होत असे. पुढे ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेना, तर लोकांनी डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) घालून चालवलं. भाषा कोणती शिकवायची हे बऱ्याचदा अभ्यासक्रमापेक्षा इन्स्टॉलेशन ठरवतं, असं माझं ठाम मत आहे.

१९९६ मध्ये आलेल्या जावाची तऱ्हा वेगळी होती. सेटअप चालवून भागत नसे. पाथ आणि क्लासपाथ, म्हणजे जावाच्या फाइली कुठे आहेत ते संगणकाला सांगणारे पत्ते, हाताने भरावे लागत, आणि त्यांतला एक अर्धविराम सुटला की प्रॅक्टिकल बुडालं.

लिनक्सवाल्यांचं दुखणं आणखी निराळं. १९९९ पासून डेबियन या लिनक्सच्या प्रकारात सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं ‘ॲप्ट’ होतं, एका आज्ञेत कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं) आणि त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या येत. पण डेबियनच्या भांडारात असेल तीच आवृत्ती मिळे, बहुधा जुनी. एका प्रकल्पाला पायथन २ आणि दुसऱ्याला ३ हवं असलं की ओढाताण सुरू. ही कोंडी स्वयंसेवकांनी फोडली. रुबी भाषेसाठी २००९ मध्ये आरव्हीएम, नोडसाठी (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) २०१० मध्ये एनव्हीएम ही आवृत्त्या सांभाळणारी साधनं आली आणि दोन आवृत्त्या एका मशिनवर सुखाने नांदू लागल्या.

रस्ट या भाषेने हे काम भाषेच्या संघाकडेच घेतलं. मे २०१५ मध्ये १.० आलं, आणि तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. या वेगात अपडेट अवघड असतं तर लोक मागेच राहिले असते. त्यासाठी रस्ट बसवणारं आणि अपडेट करणारं ‘रस्टअप’ आहे. ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतं, ॲडमिनचा पासवर्ड मागत नाही. लॅबमधल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. विंडोजवर मात्र मायक्रोसॉफ्टचं काही जीबींचं बिल्ड टूल्स (प्रोग्रॅम जोडून तयार करायची साधनं) सहसा वेगळं घ्यावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते. गो या भाषेने ऑगस्ट २०२३ मधल्या १.२१ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: प्रकल्पाला नवी आवृत्ती हवी असेल तर ती आपोआप उतरवली जाते. पायथनकडे २०२४ पासून अशाच कामासाठी ‘यूव्ही’ आहे.

हे सगळं नेट गृहीत धरून. एका वर्गातल्या साठ मुलांनी एकाच वेळी आज्ञा दिली तर तीच फाइल साठ वेळा उतरते, आणि तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची लाइन तेवढ्यात बसते. रस्टअप आणि गो या दोन्हींत डाउनलोडचा पत्ता बदलून कॉलेजच्या सर्व्हरचा देता येतो. शिरपूर-चोपड्याकडच्या लॅबनी आधी ही सोय वापरून पाहावी, टर्बो सी त्यानंतर काढावं.