आंबेडकर, रमाबाई भीमराव

(७ फेब्रुवारी १८९८ – २७ मे १९३५). डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या प्रथम पत्नी. जन्म रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळील वणंद गावी. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवीत. आईचे नाव रुक्मिणी.

माहेरचे आडनाव काही लेखनात वलंगकर असे येते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर भावंडांना मुंबईस आणणाऱ्या काकांचे आडनाव वलंगकर, तर मामांचे गोविंदपूरकर सांगितले जाते. त्यावरून वलंगकर हे पितृकुळाचेच दुसरे नाव असावे. कोकणात कुळनावाशेजारी गावावरचे नाव चालत आले आहे. सासरीही सकपाळ मागे पडून आंबडवे या मूळगावावरचे नाव पुढे आले होते.

विवाहाचे वर्ष वादग्रस्त आहे. काही चरित्रकार तो भीमरावांच्या मॅट्रिकनंतर (१९०७) धरतात आणि वराचे वय सतरा, वधूचे नऊ देतात. पण भीमराव सतरा वर्षांचे झाले ते एप्रिल १९०८ मध्ये. वरील जन्मतारीख धरल्यास तेव्हा रमाबाईंना दहावे सरलेले असते. १९०६ मानल्यास पंधरा आणि आठ ही वये नीट जुळतात, म्हणून तेच वर्ष ग्राह्य वाटते. स्थळाबद्दल मात्र एकमत आहे: भायखळ्याचा बाजार. रात्री विक्री आटोपल्यावर छपराखाली वऱ्हाडी जमले, दगडी ओट्यांवर बसले, पायांखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे बाजार भरण्याआधी जागा मोकळी करावी लागली.

पती शिक्षणासाठी परदेशी असताना (१९१३–१७, १९२०–२३) घर चालविण्याचा भार बहुतांशी त्यांच्यावर पडला. या काळात त्यांनी गोवऱ्या थापून विकल्याचे परंपरेने सांगतात. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, त्या दुःखातून दोघेही लवकर सावरले नाहीत. पतीला त्या ‘साहेब’ म्हणत, ते त्यांना ‘रामू’. पंढरीला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. जिथे आपल्याला देवापासून दूर उभे करतात ते पंढरपूर कशाला, आपण आपल्या आचरणाने दुसरे पंढरपूर उभारू, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी त्यांची समजूत घातली. धर्मांतराची येवल्याची घोषणा (ऑक्टोबर १९३५) पाहण्यास त्या नव्हत्या.

परळच्या चाळीत बरीच वर्षे काढून त्या दादरच्या ‘राजगृहा’त राहावयास आल्या व तेथेच दीर्घ आजाराने निधन पावल्या. डॉ. आंबेडकरांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आहे. मित्र नव्हते, पैसा नव्हता, अशा दिवसांत तिने शांतपणे सोबत दुःख सोसले, याची कृतज्ञ नोंद त्या अर्पणपत्रिकेत आहे. वणंद येथे रमाबाईंचे स्मारक आहे.