माजी सैनिकांसाठी उद्योजकता प्रशिक्षण: पुण्यातून अर्ज करताना

सैन्यातून निवृत्त होऊन स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांना उद्योजकता प्रशिक्षण कर्ज-अनुदान योजनेचा भाग म्हणूनही मिळते, म्हणून प्रशिक्षणाची स्वतंत्र चौकशी करण्याऐवजी आधी योजना निश्चित करावी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) वयाची कमाल मर्यादा नाही, ही चाळिशी-पन्नाशीत निवृत्त होणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात मात्र पूर्वी ४५ वर्षांची अट असून माजी सैनिकांना ५ वर्षांची सवलत मिळत असे.

पीएमईजीपीत प्रकल्पखर्चाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख, तर सेवाव्यवसायासाठी २० लाख रुपये आहे. जागेची किंमत त्यात धरली जात नाही. माजी सैनिक विशेष प्रवर्गात मोडत असल्याने त्यांना स्वतःचा हिस्सा ५ टक्केच भरावा लागतो आणि अनुदान शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. पुण्यात खरी गफलत होते ती इथेच. २०२२ च्या सुधारित नियमांनुसार पंचायतीखालील क्षेत्र ग्रामीण आणि नगरपालिका-महापालिकेचे क्षेत्र शहरी मानले जाते. त्यामुळे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या वाघोलीत २० लाखांचे सर्व्हिस सेंटर काढणाऱ्यास ५ लाख, तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतील गावात तेच केंद्र काढल्यास ७ लाख अनुदान मिळू शकते. गाळ्याचा भाडेकरार करण्यापूर्वीच हद्दीची खात्री करून घ्यावी.

अर्ज ऑनलाइन भरावयाचा असून त्यात अर्ज हाताळणारी यंत्रणा म्हणून जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी आयोग-मंडळ निवडावे लागते. आधार, पॅन, छायाचित्र, शैक्षणिक प्रमाणपत्र, प्रकल्प अहवाल आणि लागू असल्यास ग्रामीण क्षेत्राचा दाखला जोडावा. प्रवर्गाच्या पुराव्यासाठी डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची नोंदपुस्तिका), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र हाताशी ठेवावे. डिस्चार्ज बुकात आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असा फरक असेल तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घेतलेला बरा. वीरपत्नी स्वतःच्या नावे अर्ज करत असल्यास महिला म्हणूनही त्या विशेष प्रवर्गातच येतात. मात्र एका कुटुंबात, म्हणजे पती-पत्नी मिळून, एकालाच लाभ मिळतो आणि उद्योग नवा असावा लागतो.

दोन लाखांपर्यंतच्या प्रकल्पास प्रशिक्षणाची सक्ती नाही. पाच लाखांपर्यंत ५ दिवसांचे, त्यापुढे १० दिवसांचे प्रशिक्षण असते. बँकेने अनुदानाची मागणी करण्यापूर्वी त्याचे प्रमाणपत्र सादर झालेले असावे. मंजूर झालेले अनुदान हाती न पडता ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. त्यावर व्याज मिळत नाही, पण कर्जाच्या तेवढ्या रकमेवर व्याज आकारलेही जात नाही.